मदत हवी आहे : विस्टाडोमचं तिकीट दिसतच नाहीये, आजच काढायचंय

रावपुरा_रोड
मंडळी, आई-बाबांना विस्टाडोममधून (रेल्वेचा तो मोठ्या काचांचा डबा) न्यायचंय. सकाळपासून ॲपशी झटापट चालू आहे. सगळे क्लास बघून झाले, पण स्लीपर, थ्री एसी, टू एसी यापलीकडे काही येत नाही. काचेचा डबा बंद झाला का? रील्स तर रोज फिरतायत. अलीकडे कोणी तिकीट काढलंय का? आणि कोणत्या बाजूच्या सीट घ्यायच्या? जरा लवकर सांगा.

नर्मदातीर
बंद कशाला होईल? अहमदाबाद–एकतानगर जनशताब्दीला आहे की, जानेवारी 2021 मध्ये गाडी सुरू झाली तेव्हापासून. बडोद्याला चढायचं, डभोई गेलं की दोन्हीकडे शेतं आणि पुढे टेकड्या. सरदार पटेलांचा पुतळा 182 मीटर उंच आहे, वरच्या गॅलरीचं तिकीट वेगळं, ते आधीच काढून ठेवा. सोमवारी जाऊ नका, बंद असतो. बरोबर पाणी आणि टोप्या घ्या, उन्हात चालणं बरंच आहे. आम्ही लीलो (ओला) चिवडा नेला होता, परतीच्या वाटेवर त्यानेच तारलं.

खुर्ची_फिरवा
काका, दम धरा. त्याने कुठून कुठे जायचंय तेच सांगितलं नाही. रावपुरा, गाडी कोणती? तारीख? माणसं किती?

रावपुरा_रोड
कोकण, दुसरं काय? पावसाळ्यात माणूस विस्टाडोमने कुठे जातो? बडोदा ते रत्नागिरी. एकतानगर दोघांचं बघून झालंय, पुतळा काही हललेला नसणार.

खुर्ची_फिरवा
मग दिसणार कसं? बडोदा–रत्नागिरी टाकलं की थेट गाड्याच येतात, मरुसागर, ओखा–एर्नाकुलम वगैरे. त्यांना काचेचा डबा नाही. तो मुंबईहून सुटणाऱ्या गाड्यांना आहे : मडगाव जनशताब्दीला 2017 पासून, नंतर तेजसलाही लागला. म्हणजे दोन तिकिटं. सीएसएमटी–रत्नागिरी असं शोध आणि क्लासमध्ये 'विस्टाडोम एसी' घे, कोड ईव्ही. जनशताब्दी पहाटे पाचच्या सुमारास सुटते, त्यामुळे आदल्या रात्री मुंबईत मुक्काम आलाच.
बडोदा–मुंबईसुद्धा काचेतून करायचं असेल तर अहमदाबाद–मुंबई शताब्दीला एप्रिल 2022 पासून हा डबा आहे. भरूच सुटल्यावर नर्मदेचा पूल झकास दिसतो. पुढे वापीपर्यंत कारखानेच बघायचे.

काच_नको
एवढा खटाटोप कशासाठी? फिक्स काच, आत एसी, बाहेर पाऊस पडतोय हे पडद्यावर बघितल्यासारखं बघायचं. मातीचा वास नाही, तुषार नाहीत, वडेवाल्याची हाक ऐकू येत नाही. कोकण बघायचं ते सेकंड सीटिंगच्या उघड्या खिडकीतून. आणि छप्पर सगळं काचेचं नसतंच, मधला पट्टा बंद, कडेला काचा. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्यात वर बघून काय दिसणार, स्वतःचं टक्कल?

खुर्ची_फिरवा
तुषार तुम्हाला लखलाभ. म्हाताऱ्या माणसांना भिजवत नेऊ का? डब्यात 44 च सीट, पाय पसरायला जागा, खुर्ची 180 अंशात फिरते. खटका दाबून फिरवली की चौघं समोरासमोर बसतात. दारं रुंद आणि आपोआप सरकणारी, व्हीलचेअर सहज आत येते. शेवटी उभं राहून बघायला लाउंज.

काच_नको
लाउंजचं नावच काढू नका. आम्ही गेलो त्या गाडीला (नाव घेत नाही) हा डबा इंजिनाला चिकटवलेला होता. उभं राहून इंजिनाची पाठ बघितली, त्यावरचा नंबर अजून पाठ आहे.

खुर्ची_फिरवा
ते मात्र खरं. डबा गाडीच्या शेपटाला असला तरच मजा.

गायकवाडी_रूळ
मुंबईपर्यंत जायचंच कशाला? बिलीमोरा–वघई करा. नॅरोगेज, 63 किलोमीटर, डांगचं जंगल, पुढे सापुतारा रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. 2021 ला गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा मोठ्या खिडक्यांचा एसी डबाही जोडला. निघण्याआधी गाडी चालू असल्याची चौकशी तेवढी करा. आपल्या सयाजीरावांची लाइन आहे, अभिमानाने बसायचं. डभोईची बैलांनी ओढलेली गाडीसुद्धा त्यांनीच सुरू केली.

मांडवीकर
डभोई–मियागाम 1862 ची. सयाजीराव गादीवर आले 1875 ला. ती लाइन खंडेराव महाराजांची. बडोद्यात राहून एवढं तरी माहीत असावं.

गायकवाडी_रूळ
गायकवाडांचीच ना? मग झालं तर.

मांडवीकर
झालं कसं? बिलीमोऱ्याचं श्रेय सयाजीरावांना द्या, कोण नाही म्हणतंय? खंडेरावांचे बैल खंडेरावांकडे राहू द्या.

रावपुरा_रोड
बैलांचा वेगळा धागा काढा ना प्लीज. सीएसएमटी–रत्नागिरी टाकलं. ईव्ही दिसतंय, पण 'रिग्रेट'. याचा अर्थ काय?

खुर्ची_फिरवा
वेटिंगसुद्धा घेणं बंद. तारीख कोणती, हे आता दुसऱ्यांदा विचारतोय.

रावपुरा_रोड
चतुर्थीच्या दोन दिवस आधी. बाबांचं मूळ घर लांज्याकडे, तिथे गणपती असतो.

मांडवीकर
अरे देवा.

काच_नको
गणपतीला कोकणात जायला आज तिकीट शोधतोय! 60 दिवस आधी बुकिंग उघडतं आणि मुंबईकर घड्याळ लावून बसलेले असतात. चहा गार व्हायच्या आत सगळं संपतं.

सेवानिवृत्त_अलकापुरी
ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे. आई-बाबांचं तिकीट पूर्णच पडेल. या विषयावर मी अनेक पत्रं लिहिली, कोणी दखल घेत नाही. आपण सर्वांनी लिहायला हवं.

नर्मदातीर
एकतानगरला या दिवसांत आरामात मिळेल.

रावपुरा_रोड
तिकिटं आहेत हो! ओखा–एर्नाकुलमची थ्री एसी कन्फर्म, केव्हाच काढलीत. ती रद्द करून काचेच्या डब्यातून न्यावं म्हणत होतो. बाबांनी रील बघितलं तेव्हापासून डोक्यात घेतलंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कोकण रेल्वेने ते अजून गेलेलेच नाहीत.

खुर्ची_फिरवा
हे पहिल्याच ओळीत लिहायला काय झालं होतं? कन्फर्म तिकिटं अजिबात रद्द करू नकोस!

मांडवीकर
परतीला काढ. जनशताब्दी मडगावहून दुपारी सुटते, रात्री मुंबईत. फक्त पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. रत्नागिरीला ती किती वाजता येते ते बघ. दिवेलागणीनंतर काचेत आपलेच चेहरे दिसतात.

खुर्ची_फिरवा
परतीलाही मुंबईची गर्दी असणारच. त्यापेक्षा उलटं कर. गणपती उरकले की रत्नागिरी–मडगाव एवढंच तिकीट सकाळच्या जनशताब्दीचं काढ. सगळा प्रवास उजेडात, आणि गर्दी त्या वेळी मुंबईकडे धावत असते, गोव्याकडे नाही. शिवाय पानवलचा पूल रत्नागिरीच्या पुढेच आहे, 64 मीटर उंच. तू रत्नागिरीलाच उतरला असतास तर नेमका तो हुकला असता. बाजूचं म्हणशील तर काच दोन्हीकडे आहे. डोंगर डावीकडे, पण बाजूपेक्षा खिडकीची सीट महत्त्वाची. बाबांना ती दे आणि पुलाच्या आधी जागं कर. मडगावहून बडोद्याला थेट गाडीने या.

काच_नको
समुद्र मात्र दिसेल म्हणून वाट बघू नका. नाव कोकण रेल्वे असलं तरी ती धावते आतून.

रावपुरा_रोड
मिळालं. गौरी-विसर्जनानंतरचा तिसरा दिवस, ईव्ही, चार सीट. आम्ही पाच जण आहोत. पाचवी वेटिंगला, म्हणून मी त्याच गाडीत सेकंड सीटिंग घेतलंय. मडगाव–बडोदा परतीचं आता बघतो.

काच_नको
खिडकी मिळाली का? तुषारांसाठी टॉवेल ने. आणि पुलावर आत जाऊ नकोस बाबांना बघायला, दोन मिनिटांत संपतो तो.

सेवानिवृत्त_अलकापुरी
पत्राचा मसुदा तयार आहे. ज्यांना हवा त्यांनी कळवावे.