शब्दचर्चा: ‘स्टोअरेज इंजिन’ला मराठीत काय म्हणावे?

नोंदकरी
मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीवरच्या मराठी पुस्तिकेतले एक प्रकरण इनोडीबी आणि मायआयसॅम या तिच्या दोन स्टोअरेज इंजिनांच्या तुलनेचे आहे. ‘स्टोअरेज इंजिन’ला ‘साठवण यंत्रणा’, ‘संचयन यंत्र’, ‘भांडारण प्रणाली’ असे पर्याय सुचले आहेत. वापर साधारण असा: “एकाच डेटाबेसमधल्या दोन टेबलांची स्टोअरेज इंजिने वेगळी असू शकतात.” लॉक, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल), इंडेक्स, क्लस्टर्ड इंडेक्स आणि प्रायमरी की (टेबलातली प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारी किंमत) यांनाही मराठी शब्द हवेत. काय वापरावे?

थरावरथर
तीनही पर्याय ‘ठेवणे’ या क्रियेवर बेतलेले आहेत, आणि अडचण तिथेच आहे. एसक्यूएल (डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा) वाचणे, व्याकरण तपासणे, माहिती कोणत्या वाटेने काढायची ते ठरवणे हे काम वरच्या थराचे. ओळ शोधणे, लिहिणे, इंडेक्स राखणे, दोघांनी एकाच वेळी तीच ओळ बदलायला घेतली तर कोणाला थांबवायचे हे ठरवणे आणि सर्व्हर अचानक बंद पडल्यावर अर्धवट राहिलेले निस्तरणे हे सगळे इंजिनाकडे येते. ‘साठवण यंत्रणा’ वाचणाऱ्याला वाटते की फरक फक्त फाइलींच्या मांडणीचा असेल. तसा फरक आहेही. मायआयसॅमच्या टेबलाला ‘.एमवायडी’ ही डेटाची आणि ‘.एमवायआय’ ही इंडेक्सची अशा दोन फाइली लागतात, तर इनोडीबी दोन्ही गोष्टी एका ‘.आयबीडी’ फाइलीत ठेवते. पण इंजिन निवडताना याला फारसे महत्त्व नाही.

मायएसक्यूएलमध्ये पूर्वी याला ‘टेबल टाइप’ म्हणत. टेबल बनवणाऱ्या ‘क्रिएट टेबल’ या आज्ञेच्या शेवटी ‘टाइप = मायआयसॅम’ असे लिहायची पद्धत होती. ५.५ या आवृत्तीत ‘टाइप’ काढून टाकले आणि फक्त ‘इंजिन’ उरले. म्हणून जुनी स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर चालवली की १०६४ क्रमांकाची व्याकरणचूक येते. सोर्स कोडमध्ये मात्र प्रत्येक इंजिन आजही ‘हँडलर’ नावाच्या क्लासवरूनच तयार होते.

कानामात्रा
म्हणजे मूळ कल्पना ‘टेबल हाताळणारा’ अशी होती. तरी ‘हाताळक’ कोणी वापरणार नाही. ‘साठवण इंजिन’ करावे असे मला वाटते. ‘इंजिन’ मराठीत कधीच रुळले आहे आणि त्यात काम करणाऱ्या यंत्राचा अर्थ आपसूक येतो. ‘यंत्रणा’ म्हटले की अनेक भागांची व्यवस्था डोळ्यांसमोर येते. ती वरच्या संपूर्ण डेटाबेस प्रणालीला जास्त शोभते.

इंडेक्सबद्दल: ‘अनुक्रमणिका’ नको. ती पुस्तकाच्या पुढच्या बाजूला असते आणि प्रकरणांच्या क्रमाने जाते. शेवटी अकारविल्हे लावलेली असते ती ‘सूची’. डेटाबेसचा इंडेक्स सूचीसारखा असतो.

थरावरथर
सूचीची उपमा मायआयसॅमला अगदी चपखल बसते. त्याच्या इंडेक्समध्ये किंमत आणि डेटाच्या फाइलीतली जागा असते, म्हणजे शब्द आणि पान क्रमांक. इनोडीबीत तसे नाही. तिथे पूर्ण टेबलच प्रायमरी कीच्या क्रमाने बी-ट्रीत (फांद्याफांद्यांच्या क्रमवार रचनेत) लावलेले असते आणि त्या झाडाच्या पानांत पूर्ण ओळी असतात. यालाच क्लस्टर्ड इंडेक्स म्हणतात. ‘गुच्छ सूची’ किंवा ‘पुंजित सूची’ या भाषांतरांतून यातले काहीच कळत नाही. ‘टेबल-सूची’ म्हटले तर निदान टेबल आणि सूची एकच आहे हे लक्षात येईल. बाकीच्या दुय्यम सूचींमध्ये जागेचा पत्ता नसतो, प्रायमरी कीची किंमत असते. त्यामुळे दुय्यम सूचीतून ओळ काढायची तर आधी त्या सूचीत आणि मग टेबल-सूचीत, असा दोनदा शोध घ्यावा लागतो. हवे ते सगळे रकाने दुय्यम सूचीतच असतील तर दुसरी फेरी टळते.

प्रायमरी कीची लांबी यामुळेच महत्त्वाची ठरते. ३६ अक्षरी यूयूआयडी (कुठेही पुन्हा येऊ नये असा बनवलेला ओळख-क्रमांक) मजकूर म्हणून ठेवला तर तो प्रत्येक दुय्यम सूचीतही उतरतो. १ कोटी ओळी आणि ५ दुय्यम सूची धरल्या, तर ८ बाइटच्या बिगइंटपेक्षा (मोठ्या पूर्णांकापेक्षा) किमान २८ × ५ × १ कोटी, म्हणजे सुमारे १.४ जीबी नुसत्या सूचींत जादा जातात. शिवाय यादृच्छिक किंमत म्हटली की नवी ओळ टेबलाच्या मध्येच कुठेतरी घुसवावी लागते, १६ केबीची पाने दुभंगतात आणि अर्धी भरलेली राहतात. यूयूआयडीच हवा असेल तर १६ बाइटच्या बायनरी रकान्यात ठेवावा. प्रायमरी की दिलीच नाही, तर इनोडीबी नल (रिकामी किंमत) न चालणारी पहिली युनिक की (जिच्यात किंमत पुन्हा येत नाही ती) घेते. तीही नसेल तर ६ बाइटचा छुपा क्रमांक स्वतः लावते. तो तुम्हाला कुठल्याच क्वेरीत वापरता येत नाही.

वटवाघूळ
‘प्राथमिक किल्ली’ आणि ‘कुलूप’ हे दोन्ही एका प्रकरणात येऊ देऊ नका. वाचक म्हणेल, किल्लीने कुलूप उघडते. इथे ‘की’चा आणि ‘लॉक’चा तसा काहीही संबंध नाही.

कानामात्रा
हा मुद्दा भारी आहे. मग ‘प्रायमरी की’ आणि ‘लॉक’ दोन्ही जसेच्या तसे ठेवा. तसेही कामाच्या ठिकाणी ‘टेबल लॉक झालंय’ असेच बोलतात.

थरावरथर
लॉक ठेवा, पण ‘रो लॉक’चे ‘ओळीचे लॉक’ करताना एक वाक्य जोडा. मायआयसॅम पूर्ण टेबल लॉक करते. एक लांबलेले अपडेट चालू असेल तर त्या टेबलावरचे वाचणारेही खोळंबतात. अपवाद इन्सर्टचा: डेटाच्या फाइलीत मध्ये मोकळ्या जागा नसतील तर वाचन चालू असताना शेवटी नव्या ओळी जोडता येतात. इनोडीबी ओळी लॉक करते असे म्हणतात, पण लॉक लागते ते इंडेक्समधल्या नोंदींना. ‘व्हेअर’मधल्या (अटीतल्या) रकान्यावर इंडेक्स नसेल तर व्यवहार एकमेकांपासून वेगळे ठेवण्याच्या ‘रिपीटेबल रीड’ या मूळ पातळीवर अपडेट जेवढ्या ओळी चाळते तेवढ्या सगळ्या लॉक होतात. बदलायची असते एक ओळ आणि टेबल जवळपास पूर्ण अडकते. “इनोडीबी असूनही टेबल लॉक का होतंय?” या प्रश्नामागे बहुतेक वेळा राहून गेलेला इंडेक्स असतो.

‘डेडलॉक’ला ‘कोंडी’ चांगला आहे. मात्र ‘लॉक वेट टाइमआउट’लाही तोच शब्द वापरू नका. कोंडीत दोघे एकमेकांसाठी थांबलेले असतात. इनोडीबी ते ओळखते आणि एकाचा पूर्ण व्यवहार मागे घेते. ती चूक १२१३. ताटकळण्यात एकजण दुसऱ्यासाठी थांबतो, मूळ मांडणीप्रमाणे ५० सेकंद. मग १२०५ ही चूक येते आणि फक्त ते एक एसक्यूएल वाक्य मागे घेतले जाते, व्यवहार उघडाच राहतो. दोन्ही चुकांना एकच उपाय, म्हणजे ‘पुन्हा चालवा’, असे लिहिलेले प्रोग्राम १२०५ नंतर अर्धवट व्यवहार पक्का करून बसतात.

नोंदकरी
‘व्यवहार’ हा शब्द तुम्ही सहज वापरलात. तोच ठेवू का? कमिट आणि रोलबॅकचे काय?

कानामात्रा
‘व्यवहार’ उत्तम. ‘व्यवहार पक्का करणे’ आणि ‘व्यवहार मागे घेणे’. ‘प्रत्यावर्तन’ वगैरे नको.

थरावरथर
सहमत. पण ‘मागे घेणे’ या शब्दावर विसंबताना एक सापळा नोंदवा. एकाच व्यवहारात इनोडीबी आणि मायआयसॅम दोन्हींच्या टेबलांत लिहिले आणि रोलबॅक केले, तर इनोडीबीतले बदल मागे जातात आणि मायआयसॅममधले तसेच राहतात. सर्व्हर चूक देत नाही, ११९६ क्रमांकाची फक्त सूचना देतो, आणि सूचना कोण वाचतो! बॅकअपचेही तसेच. मायएसक्यूएलडंप (बॅकअप काढायचा प्रोग्राम) ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय लावून चालवला तर इनोडीबीची टेबले एका क्षणाच्या स्थितीत मिळतात. मायआयसॅमची टेबले मात्र डंप चालू असताना बदलू शकतात.

वटवाघूळ
मायआयसॅम फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे जाणारा दुवा) वाचते आणि दुर्लक्ष करते. मग ते ‘रिलेशनल’ कसे?

कानामात्रा
‘रिलेशनल’मधले ‘रिलेशन’ टेबलांमधल्या नात्यांबद्दल नाही. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉड यांनी १९७० च्या लेखात तो शब्द गणितातून घेतला. गणितातला ‘संबंध’ म्हणजे इथले टेबलच. म्हणून ‘संबंधात्मक’ बरोबर, ‘नातेसंबंधी’ चूक.

नोंदकरी
जुने टेबल इनोडीबीत नेण्याच्या पायऱ्याही द्यायच्या आहेत. काय सुटू नये?

थरावरथर
आधी इन्फर्मेशन स्कीमाच्या (सर्व्हरने स्वतःबद्दल ठेवलेल्या माहितीच्या) ‘टेबल्स’मधून इंजिनाच्या रकान्यावर गाळून मायआयसॅमची यादी काढा. त्यात ज्यांचा ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा) रकाना जोड-कीमध्ये (अनेक रकान्यांच्या कीमध्ये) दुसऱ्या क्रमांकावर आहे ती टेबले वेगळी काढा. मायआयसॅम प्रत्येक गटासाठी १ पासून क्रमांक देते, इनोडीबीत ती रचना १०७५ चूक देऊन अडते. त्या रकान्यावर स्वतंत्र इंडेक्स दिला की टेबल बनते, पण गटवार क्रमांक मिळत नाहीत, ते प्रोग्राममध्ये द्यावे लागतात. मग बॅकअप, आणि मग ‘ऑल्टर टेबल अमुक इंजिन = इनोडीबी’. हे टेबलाची पूर्ण नक्कल करते, त्यामुळे मूळ टेबलाएवढी किंबहुना थोडी जास्तच जागा डिस्कवर मोकळी हवी. तोवर वाचता येते, लिहिता येत नाही. नक्कल सुरू करण्यापूर्वी ‘नो इंजिन सबस्टिट्यूशन’ हा मोड चालू आहे ना ते पाहा. तो बंद असेल आणि मागितलेले इंजिन उपलब्ध नसेल, तर सर्व्हर चूक देऊन थांबत नाही, सूचना देऊन पुढे जातो.

नंतर मेमरीची वाटणी बदला. मायआयसॅमसाठी ‘की बफर’ असतो, त्यात फक्त इंडेक्स बसतात आणि डेटा ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशवर सोडलेला असतो. इनोडीबीचा ‘बफर पूल’ दोन्ही ठेवतो आणि तो मुळात १२८ एमबीच असतो. तेवढ्यावर ठेवून “इनोडीबी संथ आहे” म्हणणे ही सगळ्यात जुनी तक्रार. डेटाबेससाठीच राखलेल्या सर्व्हरवर एकूण मेमरीच्या ५० ते ७५ टक्के द्यावा.

‘व्हेअर’शिवाय ‘काउंट’, म्हणजे एकूण ओळींची संख्या, मायआयसॅममध्ये क्षणात मिळते, कारण ओळींची संख्या टेबलासोबत जपलेली असते. इनोडीबीला मोजावे लागते. ‘शो टेबल स्टेटस’मधला आकडा तिथे अंदाज असतो, हिशेबात धरू नका. पूर्ण-मजकूर शोधही ताडून पाहा. मायआयसॅममध्ये शब्दाची किमान लांबी ४ आणि इनोडीबीत ३, शिवाय अर्ध्याहून जास्त ओळींत येणारा शब्द मायआयसॅम साध्या शोधात वगळते. उत्तरे बदलतात.

वटवाघूळ
‘मेमरी’, ‘आर्काइव्ह’, ‘ब्लॅकहोल’ ही इंजिनांची नावे भाषांतरित करू नका. ‘कृष्णविवर इंजिन’ वाचून हसू येईल. ‘मेमरी’बद्दल एवढे लिहा की सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ओळी जातात, टेबलाची रचना राहते, आणि १६ एमबीची मूळ मर्यादा भरली की ‘टेबल भरले’ म्हणून १११४ चूक येते.

नोंदकरी
आभार. ‘साठवण इंजिन’, ‘सूची’, ‘टेबल-सूची’, ‘व्यवहार’, ‘कोंडी’ घेतो. ‘लॉक’ आणि ‘प्रायमरी की’ तसेच. ‘लॉक’चे लिंग कोणते धरू?

कानामात्रा
नपुंसकलिंग. लॉक लागले, लॉक सुटले. ‘की’ स्त्रीलिंगी, आणि इंजिनाचे सामान्यरूप करा: ‘इंजिनाने’, ‘इंजिनात’. ‘इंजिनने’ नको.