ट्रेकिंग क्लबचे टी-शर्ट विकायचेत. पर्यावरण आणि शिवणारे हात, दोन्ही जपून कसं करावं?

सह्यभटकी (सातारा)

नमस्कार मंडळी. साताऱ्यातल्या एका छोट्या गिरिभ्रमण क्लबमध्ये मी आहे. पावसाळ्याआधी क्लबचे टी-शर्ट, टोप्या आणि कापडी पिशव्या विकून आम्ही दोर, प्रथमोपचाराचं साहित्य आणि गडावरच्या साफसफाईचा खर्च काढतो. 2025 च्या जुलैत प्रतापगडासह 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून गडाचं चित्र असलेल्या शर्टांची विचारणाही वाढलीये.

यंदा हे काम माझ्याकडे आहे आणि मला ते मनापासून नीट करायचंय. गडावरून पोती भरभरून प्लास्टिक खाली आणणाऱ्या क्लबने प्रत्येक शर्ट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून विकावा, हे मला पटत नाही. शर्ट शिवणाऱ्या बाईच्या हाती काय पडतं, हेही जाणून घ्यायचंय.

एक पुरवठादार 165 रुपयांत छपाईसह शर्ट देतोय. 'बायोवॉश आहे, म्हणजे इको-फ्रेंडली' असं तो म्हणतो. दुसऱ्याकडे बाटल्यांच्या प्लास्टिकपासून केलेला ड्रायफिट (लवकर वाळणारा पॉलिस्टरचा शर्ट) आहे, तो आणखी स्वस्त. दोघांची अट किमान 200 नगांची. आमचे सभासद जेमतेम 120. काय करावं?

छपाईकर (इचलकरंजी)

ताई, छपाईपुरतं सांगतो. बहुतेक ठिकाणी प्लास्टिसॉल शाई वापरतात. ती पीव्हीसीची असते, म्हणजे छातीवर प्लास्टिकचा थरच बसतो. वॉटर बेस शाई मागा. ती कापडात मुरते, हाताला जाड लागत नाही. मात्र गरम करून नीट पक्की केली नाही तर धुण्यात उतरते, म्हणून आधी एक नमुना घ्या आणि घरी चार-पाच वेळा धुऊन बघा.

फिकट रंगाचा शर्ट आणि एका गडद रंगाचं चित्र ठेवा. काळ्या शर्टावर वॉटर बेसने पांढरं उठवायला फार खटपट पडते, मग छापणारा गुपचूप प्लास्टिसॉलवर येतो. आणि स्क्रीन धुतलेलं पाणी कुठे जातं ते विचाराच. मी पंचगंगेच्या काठावर राहतो, नदीचं काय झालंय ते रोज बघतो.

धागा_दोरा (बार्शी)

मी तमिळनाडूतल्या तिरुपूरमध्ये निर्यातीच्या कपड्यांच्या चेकिंगला होते, आता बार्शीत शिवणाचंच काम करते. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बायोवॉश. ती एन्झाइमची धुलाई असते. कापडावरची लव जाते, शर्ट मऊ लागतो, गोळे कमी येतात. कापूस कसा पिकवला, रंगाचं पाणी कुठे गेलं, याच्याशी तिचा काही संबंध नाही. सेंद्रिय कापूस हवा असेल तर जीओटीएसचं (सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाचं) प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते किंवा ते भलत्याच कंपनीच्या नावावर असतं, असंही होतं. अजून एक, प्रमाणित कोरा शर्ट घेऊन तो प्रमाणपत्र नसलेल्या छापखान्यात छापला, तर तयार शर्ट जीओटीएसचा म्हणून विकता येत नाही. साखळीतला प्रत्येक जण प्रमाणित लागतो. तेव्हा 'प्रमाणित सेंद्रिय कापडावर गावात छापलेला' इतकंच लिहा, जे खरं आहे तेवढंच.

रंगाबद्दल मी हट्टाने बोलते, कारण नोय्यल नदी मी पाहिलीये. तिरुपूरच्या रंगकामाचं पाणी वर्षानुवर्षं त्या नदीत गेलं, खालच्या ओरथुपाळयम धरणात साठलं आणि शेतकऱ्यांना ते पिकाला देता येईना. 2011 च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगकारखाने बंद करायला लावले, आणि पुढे सांडपाणी बाहेर न सोडण्याच्या अटीवर ते सुरू झाले. म्हणून पुरवठादाराला विचारा: कापड कुठे रंगवलंय? नाव सांगता येत नसेल तर दुसरा बघा. न रंगवलेल्या, कापसाच्याच रंगाच्या शर्टाचा पर्यायही आहे. छपाईकरांनी सांगितलेल्या गडद शाईला तो चांगला शोभतो.

बाटल्यांच्या ड्रायफिटला माझा विरोध आहे. धुताना त्यातून प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात, आणि बाटलीचा शर्ट झाला की त्याचा पुन्हा शर्ट सहसा होत नाही. पावसाळी ट्रेकला सुती शर्ट चालत नाही हे मान्य, तो ओला राहतो आणि वरच्या वाऱ्यात माणूस गारठतो. पण तुमच्या सभासदांकडे ड्रायफिट आधीच असतील. क्लबचा शर्ट एरवी अंगावर राहणारा, सुतीच असू द्या.

आता शिवणारे हात. रोजचा दर विचारलात तर मालक तुम्हाला ऐकायचा तोच आकडा सांगेल. त्याऐवजी विचारा, काम तुकड्यावर आहे की रोजावर, जादा तासांचे पैसे दुप्पट मिळतात का, पीएफ कापतात का. सूतगिरणीबद्दलही विचारा. तमिळनाडूच्या काही गिरण्यांत 'सुमंगली' नावाने मुलींना दोन-तीन वर्षं वसतिगृहात ठेवत, आणि लग्नासाठी म्हणून कबूल केलेली रक्कम मुदत संपल्यावरच देत. मधेच आजारी पडून घरी गेली की ती रक्कम बुडाली. अशा गिरणीचं सूत छान शर्टातही असू शकतं.

आणि तुमच्या हातातली एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. 'शनिवारी ट्रेक आहे, गुरुवारपर्यंत पाहिजे' अशी ऑर्डर आली की मालक रात्री मशीन चालू ठेवतो. चेकिंगच्या टेबलावर मध्यरात्री पेंगणाऱ्या पोरी मी पाहिल्यात. सहा-आठ आठवडे आधी ऑर्डर द्या, मध्ये चित्र बदलू नका आणि माल आला की पैसे थकवू नका. एवढ्याने कुणाच्यातरी रात्री वाचतात, आणि त्याला जास्तीचा रुपया लागत नाही.

शेवटी 200 ची अट. ती मोडा. आधी नावं, मापं आणि पैसे घ्या, मगच ऑर्डर द्या. कोऱ्या शर्टांचे व्यापारी थोडे नगही देतात आणि एका रंगाची छपाई पन्नासावरही परवडते, फक्त दर वाढतो. उरलेले 80 शर्ट कपाटात पडले तर तो सगळा कापूस, पाणी आणि शिवण वाया. शर्टावर तारीख किंवा मोहिमेचं नाव छापू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तो अंगातून उतरतो.

वर्धेकर

खादीचा टी-शर्ट करा की. वर्ध्यात मगन संग्रहालयाकडे सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी मिळते.

धागा_दोरा (बार्शी)

दादा, सूचना चांगली, पण खादी हातसुताची आणि हातमागावर विणलेली असते. टी-शर्टाचं कापड यंत्रावर गुंफलेलं होजियरीचं, त्यामुळे 'खादी टी-शर्ट' म्हणून कोणी विकत असेल तर जपून. वर्ध्याच्या खादीचा मोठा रुमाल मात्र सुरेख होईल. ट्रेकला गळ्याशी बांधता येतो, डोक्यालाही. कडेला क्लबचं छोटं चिन्ह छापा. मापांचा घोळ नाही, म्हणून उरला तरी पुढच्या वर्षी विकला जातो.

सह्यभटकी (सातारा)

सगळ्यांचे आभार. धागा_दोरा ताई, कालच्या बैठकीत आधी पैसे मग ऑर्डर हे मंजूर झालं. 74 जणांनी होकार दिला. बाकीच्यांनी स्वतःचे जुने सुती शर्ट आणायचे, आम्ही एका रविवारी त्यांवर चिन्ह छापून देणार. उरल्या पिशव्या. पायथ्याच्या गावातल्या बचत गटाकडून मांजरपाटाच्या शिवून घ्यायच्या असं ठरतंय. दर कसा ठरवू?

धागा_दोरा (बार्शी)

जुन्या शर्टांवर छापायचं फार आवडलं.

पिशव्या मोजक्या करा. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये हिशेब मांडला होता. साधी सुती पिशवी प्लास्टिकच्या पिशवीच्या तोडीस यायला केवळ हवामानाच्या दृष्टीने 52 वेळा वापरावी लागते, आणि सगळे परिणाम धरले तर 7,100 वेळा. घरोघरी दाराच्या मागे पिशव्या लटकताहेत. करायचीच तर ट्रेकला उपयोगी पडेल अशी करा: परतताना कचरा भरायला कमरेला बांधायची, तोंडाला नाडी असलेली. कापड जुन्या चादरींचं, धुऊन घेतलेलं.

दराचं असं करा. गटातल्या एका सरावाच्या आणि एका नवख्या बाईला आठ तास बसवा, त्या दिवसाचे पैसे वेगळे द्या. दोघींच्या पिशव्यांची सरासरी काढा. शासनाने ठरवलेलं किमान दिवसाचं वेतन त्या सरासरीने भागा, वर दोरा, वीज आणि मशीनची झीज धरा. तो दर गटाच्या वहीत लिहून दोन्ही बाजूंनी सह्या करा. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले पिशव्या ताब्यात घेता त्याच दिवशी. तिरकी शिवण आली तर पैसे कापू नका, उसवून पुन्हा करायला वेळ द्या.

गटाला हेही आधीच सांगा की हे वर्षातून एकदाच मिळणारं काम आहे. त्या भरवशावर कोणी कर्ज काढून मशीन घ्यायला नको. क्लबकडे मशीन घेण्याइतके पैसे असतील तर ते गटाच्या नावावर घेऊन द्या, वर्षभर दुसरी कामंही करता येतील त्यांना. पॅटर्न लागला तर इथेच विचारा, नाडीच्या पिशवीचं माप मी टाकते.