मदत हवी आहे: गोल्डफिशला पांढरे ठिपके, औषध देऊनही एक गेला (तातडीचं)

वैतागलेला_बाप
तीन दिवसांपूर्वी पेढ्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. दुकानदाराला फोटो दाखवला. तो म्हणाला व्हाइट स्पॉट नावाचा रोग आहे, आणि निळं औषध दिलं. त्याने सांगितलं तेवढं टाकलं. हीटरही त्यानेच गळ्यात मारला, ३० वर ठेवलाय. आज सकाळी जिलबी मेली. बाकीचे तिघं पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडमीट करतायत. लेक साडेपाचला शाळेतून येईल, तिला अजून काही माहीत नाही. दुसरं कोणतं औषध आणू तेवढं सांगा. "गूगल करा" म्हणू नका, तीन दिवस तेच करतोय.

टाकीवाला
कोणते मासे, किती? टाकी किती लिटरची? पाणी कधी आणि किती बदललं? फिल्टर कोणता? ठिपके नेमके कुठे आहेत? आणि जिलबी कोण?

मीठभाकर
औषधबिषध काही आणू नका. खडे मीठ. लिटरला २ ग्रॅम, तीन हप्त्यांत विरघळवून टाका. वीस वर्षं मासे पाळतोय, दुसरं काही वापरलं नाही. फक्त आयोडीनवालं घेऊ नका, मासे मरतात.

वैतागलेला_बाप
गोल्डफिश हो, शीर्षकात लिहिलंय की. पेढा, बर्फी, लाडू आणि जिलबी. लेकीने नावं ठेवलीत. साधी दोन फुटी टाकी आहे. पाणी एकदम स्वच्छ आहे, तो प्रश्नच नाही.

टाकीवाला
दोन फूट ही लांबी झाली. रुंदी आणि पाण्याची उंची इंचात मोजा, तिन्हींचा गुणाकार करून ६१ ने भागा, लिटर निघतील. हे न मोजता दिलेला डोस म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. बाकीचे प्रश्न अनुत्तरितच आहेत.

गप्पीप्रेमी
अवांतर: गच्चीवरच्या पिंपात डास झालेत. महापालिका गप्पी मासे फुकट देते असं ऐकलं. कुठे मिळतील?

शंकेखोर
@मीठभाकर, आयोडीनचं काय घेऊन बसलात? घरी पोचलेल्या मिठात आयोडीन असतं दहा लाख भागांत १५ च्या आसपास. तुमच्या २ ग्रॅममधून लिटरला ३० मायक्रोग्रॅम पडेल. समुद्राच्या पाण्यात याच्या दुप्पट असतं. पापलेट मेलेलं पाहिलंय का आयोडीनने?

मीठभाकर
पापलेट मी कढईतच पाहिलंय. अनुभव आणि आकडेमोड यांत फरक असतो साहेब.

प्रवाळ
कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध टाका. माझ्या क्लाउनफिशला असंच झालं होतं, वेगळ्या टाकीत ठेवून कॉपर दिलं, सगळे वाचले. फक्त कोळंबी असेल तर आधी काढा.

टाकीवाला
क्लाउनफिश खाऱ्या पाण्यातला. त्याच्यावरचे ठिपके वेगळ्या जिवाचे. इथे गोड्या पाण्यातला गोल्डफिश आहे. कृपया धागाकर्त्याला आणखी एक बाटली आणायला लावू नका.

आजीचा_बटवा
चिमूटभर हळद आणि देशी बदामाची वाळलेली पानं. निसर्गात माशांना कोण औषध देतं? आणि घरातला मासा जातो तेव्हा घरावरचं अरिष्ट घेऊन जातो असं आमच्याकडे म्हणतात. तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका.

वैतागलेला_बाप
हे मी सात वर्षांच्या मुलीला सांगू? तिला वाटेल तिच्यामुळे मेली.
मोजलं. २४ गुणिले १२ गुणिले १३. भागाकारही ६१च आला, म्हणजे ६१ लिटर. दुकानदाराने दोन झाकणं टाका म्हटलं होतं, टाकी केवढी ते विचारलंच नाही. टाकी दोन महिने चालू आहे. ठिपके दिसल्यावर इन्फेक्शन नको म्हणून सगळं पाणी काढलं, खडे गरम पाण्याने धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून पांढरा केला. मग औषध. म्हणजे स्वच्छतेत कसूर नाही.

टाकीवाला
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतंत. खड्यांची जागा वजा केली तर ५५ लिटर धरा.
तुमचा स्पंज "घाण" दिसत होता तो त्यातल्या जिवाणूंमुळे. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडतात. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ती नळाच्या क्लोरीनने धुतलीत, खड्यांवरची गरम पाण्याने संपवलीत आणि उरलीसुरली निळ्या औषधाने. मिथिलीन ब्लू या जिवाणूंनाही सोडत नाही. गोल्डफिश खादाड, घाण जास्त, आणि चार मासे ५५ लिटरमध्ये तसेही दाटीचेच. वर पाणी ३० अंश. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि अमोनियाचा विषारी भाग वाढतो. मासे वर येऊन तोंडं उघडतायत ते ठिपक्यांमुळे नसणार.
आत्ता हे करा. खाणं बंद. हीटर बंद, पाणी आपोआप हळूहळू निवेल. हवेचा पंप पूर्ण जोरात. अर्धं पाणी बदला. नवं पाणी अँटीक्लोरीन घालून, हाताला टाकीतल्यासारखंच लागेल असं. उद्या पुन्हा अर्धं. मित्राची जुनी टाकी निरोगी असेल तर त्याच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंजाचा तुकडा मागा आणि ओलाच घेऊन या.

शंकेखोर
मिथिलीन ब्लूला सरसकट खलनायक करू नका. नायट्राइटच्या विषबाधेत तेच देतात, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद परत येते.

टाकीवाला
देतात. वेगळ्या टबमध्ये. चालू फिल्टर असलेल्या टाकीत ओतत नाहीत.

वैतागलेला_बाप
अर्धं बदललं. पंप लावला. टेस्ट किट आणलं, रंग गडद हिरवा आला. चार्टवर हा सर्वांत वाईट रकान्यांपैकी आहे. हातपाय गार पडले.

टाकीवाला
पाणी कोणत्या रंगाचं होतं?

वैतागलेला_बाप
निळसर. औषधाचं. का?

टाकीवाला
अमोनिया नसेल तर हे किट पिवळं दिसतं. निळ्या पाण्यात पिवळं मिसळलं की काय होतं ते लेकीला विचारा, चित्रकलेच्या वहीत सापडेल. अमोनिया असणारच, पण या रंगावरून किती ते ठरवता येणार नाही. फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी घाला, औषध शोषून घेईल. पाणी पांढरं झालं की पुन्हा तपासा. तोवर आकड्याची वाट न पाहता पाणी बदलत राहा.

मीठभाकर
आणि मीठ.

टाकीवाला
लिटरला १ ग्रॅम चालेल, म्हणजे ५५ ग्रॅम. पुढच्या आठवड्यात नायट्राइट वाढेल तेव्हा मिठातलं क्लोराइड ते कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. एवढ्यापुरता मी तुमच्या बाजूने.

मीठभाकर
वीस वर्षं हेच सांगतोय.

निवांत_मावशी
उशिरा आले. सगळे अमोनियाच्या मागे लागले ते बरोबरच, पण मूळ प्रश्न राहिला की! ठिपके नेमके कुठे आहेत ते या माणसाने अजून सांगितलेलं नाही. शेपटीवर आहेत का? अंगभर विखुरलेत का? का फक्त गालांवर?

वैतागलेला_बाप
फक्त पेढ्याला आहेत. गालांवर, म्हणजे कल्ल्यांच्या झाकणांवर. आणि बाजूच्या परांच्या पुढच्या काठावर ओळीने. शेपटीवर एकही नाही. अंग घासणं वगैरे काही नाही. उलट आजारी पडायच्या आधी आठवडाभर जिलबीच्या मागे धावत होता, तिच्या पोटाला ढुसण्या देत होता. आम्हाला वाटलं खेळतायत.

निवांत_मावशी
अहो, पेढा आजारी नव्हताच. तो वयात आलाय. गोल्डफिशच्या नराला विणीच्या दिवसांत गालांवर आणि परांच्या काठावर असे रव्यासारखे दाणे येतात. व्हाइट स्पॉट असता तर मीठ भुरभुरल्यासारखा कुठेही, शेपटीवर हमखास दिसला असता. बाकीच्यांनाही लागण झाली असती, खड्यांवर अंग घासलं असतं. आमच्या हौदात दरवर्षी होतं. पहिल्या वर्षी मीही औषध आणलं होतं, पण आळसामुळे टाकायचं राहिलं.

प्रवाळ
म्हणजे कॉपर नको?

शंकेखोर
नको.

वैतागलेला_बाप
म्हणजे काहीही झालेलं नसताना मी जिलबीला मारलं.

निवांत_मावशी
असं नका म्हणू. टाकी धुणं हेच बरोबर असं आपल्याला घरात शिकवलेलं असतं. इथून पुढे स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बास. लेकीला खरं सांगा, पाणी बिघडलं म्हणून. मुलांना ते कळतं.

गप्पीप्रेमी
माझ्या गप्पींचं कोणीतरी सांगा ना.

टाकीवाला
पालिकेच्या आरोग्य विभागाच्या मलेरिया शाखेत विचारा. पिंपावर जाळी ठेवा, कावळे खातात. पुढचं वेगळ्या धाग्यावर.

वैतागलेला_बाप
चार दिवसांनी लिहितोय. रोज पाणी बदललं. ऑफिसातल्या एकाने जुना स्पंज दिला, डब्याच्या पिशवीतून आणला, लोकलमध्ये वास आला तो वेगळाच. तिघंही आता खाली पोहतायत. पाणी पांढरं झालं, किटचा रंग पिवळट हिरवा. पेढ्याचे दाणे अजून आहेत, आता तो लाडूच्या मागे असतो. म्हणजे लाडूचं नाव बदलावं लागणार.
लेकीला सांगितलं. रडली, मग विचारलं की नळाच्या पाण्यात असं काय असतं, आणि आपण कसं पितो.
पण एक नवीन झालंय. बर्फीच्या शेपटीच्या कडेला आणि परांवर काळे डाग उमटलेत. काल नव्हते. दुकानदार म्हणतो बुरशी आहे, पिवळं औषध आहे त्याच्याकडे. आणू का?

टाकीवाला
नका आणू! अमोनियाने भाजलेली जागा भरून येताना गोल्डफिशला असे काळे डाग पडतात. काही आठवड्यांत जातील. उद्या पाणी तपासून आकडा इथे लिहा.

मीठभाकर
मीठ चालू ठेवा.