घरगुती पाळणाघरातले मुलांचे जेवण

सप्रेम नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळातली बरीच लहान मुले दिवसभर घरगुती पाळणाघरात असतात आणि त्यांचे दुपारचे जेवण आपल्या नजरेआड होते. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. पाळणाघरातल्या मावशी ताजा स्वयंपाक करतात, तरी ती दोन घास खाऊन उठते. मग संध्याकाळी ती उपाशी राहू नये म्हणून आम्ही दूध देतो आणि रात्री फोन दाखवून भरवतो. ज्या भगिनी स्वतः पाळणाघर चालवतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

एक पालक

---

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी दुधाविषयी लिहिते. या वयाला दिवसभरात साधारण दोन कप, म्हणजे १६ औंस, दूध पुरते; त्याहून पुष्कळ जास्त दिले तर भूक मरते आणि लोह देणारे अन्न पोटात जात नाही. घरी नेताना गाडीत दिलेला ज्यूस आणि बिस्किटेही रात्रीच्या जेवणाच्या आड येतात.

तुमच्या मावशींची नोंदणी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ‘चाइल्ड अँड अ‍ॅडल्ट केअर फूड प्रोग्रॅम’मध्ये आहे का, हे अवश्य विचारा. या योजनेत घरगुती पाळणाघराला प्रत्येक मुलामागे दिवसाला दोन जेवणे आणि एका मधल्या खाण्यापर्यंत खर्चाची भरपाई मिळते. ऑक्टोबर २०१७पासून लागू झालेल्या नियमांनुसार ज्यूस दिवसातून एकदाच चालतो, दिवसातले एक तरी धान्य मुख्यतः अख्ख्या धान्याचे असावे लागते आणि पदार्थ पाळणाघरातच तेलात बुडवून तळलेले चालत नाहीत. आपल्या शाकाहारी घरांची यात अडचण होत नाही, कारण डाळ, कडधान्य, दही हे सारे मांसाऐवजी धरले जाते. मात्र तीन वर्षांखालच्या मुलासाठी दुपारच्या जेवणात शिजलेली डाळ पाव कप भरावी लागते, आणि पातळ वरणाच्या वाटीत तेवढी डाळ नसते. म्हणून मी वरण घट्ट ठेवते आणि वर लिंबू पिळते, कारण त्यामुळे डाळीतले लोह अंगी लागायला मदत होते.

भरवण्याबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन. काय आणि कधी वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे हे मुलाने, ही आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची मांडणी मी कसोशीने पाळते. माझ्याकडे मुले बुटक्या टेबलाभोवती एकत्र बसतात आणि प्रत्येकाच्या पानात दोडक्याची भाजी चमचाभरच पडते. कुणी ती बोटाने चिवडून तशीच ठेवली तरी मी गप्प राहते आणि चार दिवसांनी पुन्हा वाढते. नवी भाजी तोंडाला रुळायला दहा-पंधरा वेळाही लागतात. शेजारचे मूल खाताना पाहून पुष्कळदा हात आपोआप पुढे होतो. हेच मूल घरी फोनसमोर बसवून भरवले गेले, तर पोट भरल्याची त्याची जाणीव बोथट होते आणि आमची दिवसभराची मेहनत वाया जाते.

घ्यायला जाल तेव्हा तिच्यादेखत “सगळे संपवले का?” असे विचारू नका. आज काय शिजले होते आणि शेवटचे खाणे किती वाजता झाले, एवढेच मावशींना विचारा, म्हणजे रात्रीच्या जेवणाची वेळ ठरवता येईल. डब्यात द्राक्षे दिलीत तर उभी चिरून चार फोडी करा. अख्खे दाणे, काजू, पॉपकॉर्न चार वर्षांपर्यंत नकोत, घशात अडकतात.

माझा आठवड्याचा जेवणाचा तक्ता रविवारी मंडळाच्या ईमेल-यादीवर पाठवते. तो मावशींनाही दाखवा आणि त्यांचा मागवून घ्या.

पाळणाघर चालवणारी एक सभासद