मदत हवी आहे: एकसर जोडणीत ४० वॅटचा बल्ब १०० वॅटला भारी कसा?

नमस्कार मंडळी,

मुलगी नववीत आहे, धाराविद्युतचा धडा चालू आहे. सूत्रं तिला पाठ आहेत, मलाही एकेकाळी होती. माळ्यावर जुने पिवळे बल्ब सापडले, एक १०० वॅटचा, एक ४० चा. म्हटलं प्रत्यक्षच दाखवू. फळीवर दोन होल्डर ठोकले.

समांतर जोडले तेव्हा सगळं पुस्तकाबरहुकूम. शंभरचा झगझगीत, चाळीसचा मंद, एक काढला तरी दुसरा चालू. मग एकसर, म्हणजे एकाच वाटेवर एकामागून एक जोडले आणि पोरीसमोर फजिती झाली. चाळीसचा बऱ्यापैकी पेटला, शंभरच्याची तार जेमतेम लाल! मला वाटलं, आधी लागणारा बल्ब वीज खाऊन टाकत असेल. जागा बदलून पाहिल्या, काडीचा फरक नाही.

रात्री गणित मांडलं. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट, म्हणजे २३० व्होल्टला शंभरच्याचा रोध (धारेला होणारा अडथळा) ५२९ ओहम, चाळीसच्याचा सुमारे १३२२. एकसर जोडणीत दोघांतून धारा एकच, ०.१२ अँपिअर. त्यामुळे रोध जास्त त्याला व्होल्ट जास्त: चाळीसच्याला १६४, शंभरच्याला ६६. वॅट निघाले २० आणि ८. इथवर पटलं.

पण ८ वॅट मिळत असतील तर शंभरचा इतका मेल्यासारखा का? आणि सुटा बल्ब मल्टिमीटरवर मोजला तर ४० ओहमच्या आसपास दाखवतो. ५२९ गेले कुठे? मीटर बिघडलाय की मी?

प्रतिसाद:
मीटर ठणठणीत आहे. तुमच्या दोन्ही शंकांचं मूळ एकच. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो, आणि पूर्ण पेटलेल्या बल्बात ती २५०० अंशांच्या आसपास असते. थंड असतानाचे ४० ओहम तिथे बारा-तेरा पट होतात. ५२९ हा पूर्ण २३० व्होल्टवरचा आकडा. एकसर जोडणीत शंभरच्याची तार नीट तापतच नाही, म्हणून रोध कमी राहतो, म्हणून तिच्या वाट्याला ६६ व्होल्टही येत नाहीत. उरलेले सगळे चाळीसच्याला. त्यात प्रकाश वॅटच्या प्रमाणात घटत नाही, फार झपाट्याने घटतो.

प्रतिसाद:
दुरुस्तीच्या दुकानात याला सिरीज बोर्ड म्हणतात. उघडलेला अॅम्प्लिफायर आम्ही थेट प्लगात लावत नाही, शंभरच्या बल्बमागून लावतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, फ्यूज वाचतो. ठीक असेल तर क्षणभर चमकून मंदावतो. इस्त्री मात्र या बोर्डला फसवते. १००० वॅटच्या चांगल्या इस्त्रीचा रोधच जेमतेम ५३ ओहम, बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो आणि नवशिक्या पोरगा 'शॉर्ट आहे' म्हणून ती खोलून बसतो.

आणि दादा, मुलीला शिकवायला टॉर्चचे बल्ब आणि सेल घ्या. घरच्या लाइनवर उघड्या जोडण्या नकोत.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. फळी उतरवली, सेल आणले. आता घरात नवा वाद. चाळीसचेच दोन बल्ब एकसर लावले तर? मुलगी म्हणते, व्होल्ट निम्मे म्हणजे प्रत्येकी २० वॅट. मी म्हणतो, व्होल्ट निम्मे तर धाराही निम्मी, म्हणजे १०. तुमच्या टंगस्टनच्या हिशोबाने तार कमी तापणार, रोध घटणार, म्हणजे १० पेक्षा थोडे जास्तच. बरोबर ना?