कळलावीचं तिकीट पाकिटावरून काढू का?

वाशिष्ठी: आत्या नैरोबीहून कायमची परतली तेव्हा आजोबांची सगळी पत्रं सोबत घेऊन आली. त्यातल्या एका पाकिटावर दोन रुपयांचं कळलावीचं तिकीट आहे. शिक्का चिपळूणचा, साल 1977, तारीख पुसट. भाची फुलांची तिकिटं जमवते, तिला ते वहीत लावायचंय. भिजवून सुटेल का? आजोबांनी पत्ता शाईच्या पेनाने लिहिलाय, तो फुटेल अशी धास्ती वाटते. आणि आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर चढते तीच ना ही कळलावी?

निळीशाई: सुटेल की. तिकिटाभोवतीचा कागद कापून घ्या आणि तेवढाच तुकडा कोमट पाण्यात सोडा. गोंद विरघळला की तिकीट आपोआप सुटतं, ओढायचं नाही. मग टीपकागदात घालून जाड पुस्तकाखाली ठेवा.

टपालखूण: ताई, कृपा करून कात्री लावू नका! पद्धत बरोबर आहे, पण ती रद्दीत जाणाऱ्या पाकिटासाठी. तुमच्या पाकिटावर तिकीट, शिक्का, आजोबांचं अक्षर आणि नैरोबीचा पत्ता असं सगळं एकत्र आहे. मागची बाजूही बघा, पोचल्याचा शिक्का असू शकतो. हे तिकीट 1 जुलै 1977 च्या फुलांच्या संचातलं: कमळ 25 पैसे, रोडोडेंड्रॉन 50 पैसे, कदंब 1 रुपया आणि कळलावी 2 रुपये. म्हणजे आजोबांनी ते नवंकोरं असतानाच लावलं. सुटं वापरलेलं तिकीट आजही किरकोळ पैशांत मिळतं, भाचीला ते घेऊन द्या. जमल्यास चारही घ्या, कदंब फार देखणा आहे. हे पाकीट मात्र अख्खं ठेवा. लॅमिनेशन अजिबात नको. पीव्हीसीची पिशवीही नको, ती कालांतराने चिकट होते. पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट मिळतं, त्यात घाला आणि कोकणातल्या दमट हवेत सिलिका जेलची पुडी जवळ असू द्या.

रानवाटा: हो, तीच कळलावी. भाचीला भिंग द्या आणि श्रावणात खरं फूल दाखवा. सहा पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. खाली सहा पुंकेसर पसरलेले, आणि मधली कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, काटकोनात एका बाजूला वळलेली. पानाच्या टोकाचाच ताणा होतो, त्याच्या आधाराने वेल चढते. फक्त हाताने खेळू देऊ नका. सगळं झाड विषारी, कंद तर फारच; त्यात कोल्चिसीन असतं. तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल. भाचीच्या वहीत तिकिटाखाली हे लिहायला छान.

वाशिष्ठी: मागे खरंच नैरोबीचा शिक्का निघाला, आणि तारीख स्वच्छ वाचता येते! भाचीला पाकीट दाखवलं, तर तीच म्हणाली, कापू नकोस. आता सुटा संच शोधतेय. चिपळूण-रत्नागिरीकडे कुणाकडे जादा असेल तर कळवा, कदंब नक्की हवा.