मंत्र्यांचं लेखी उत्तर आलं : ‘हे अंशतः खरे आहे’. आता पुढे काय करायचं?

झऱ्याकाठची (प्रश्न)

नमस्कार. मी अंगणवाडी सेविका आहे. गावाचं नाव लिहीत नाही. डोंगरातलं गाव आहे, तीन पाडे मिळून १८४ घरं. जलजीवन मिशनमधून टाकी बांधून झाली, पाइप पुरले, प्रत्येक दारापुढे तोटी बसली. तोटीजवळ घरच्या बाईला उभं करून फोटो काढून नेले. त्याला आता दोन वर्षं होतील. पाणी आलं ते एकदाच, चाचणीच्या दिवशी. फेब्रुवारी लागला की आम्ही पुन्हा खालच्या झऱ्यावर. एका खेपेला जाऊन-येऊन दीड तास.

बचत गटाच्या बायकांनी १३२ सह्या गोळा करून आमदार साहेबांना निवेदन दिलं. त्यांनी विधानसभेत तारांकित प्रश्न टाकला, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात उभं राहून उत्तर देतात तो. सभागृहात त्याची पाळी आली नाही, पण छापील उत्तर आलं. प्रश्न असा होता : ‘मौजे अमुक येथील नळ पाणीपुरवठा योजनेचे काम निकृष्ट दर्जाचे झाल्याने १९० कुटुंबे दोन वर्षांपासून पाण्यापासून वंचित आहेत, हे खरे आहे काय, असल्यास, सदर काम केव्हा पूर्ण होणार, असल्यास, दोषींवर कोणती कारवाई केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय?’

उत्तर : ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) योजनेची कामे प्रगतिपथावर असून लवकरच पूर्ण करण्यात येतील. (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

दोषींवर कारवाईचा प्रश्न उद्भवत का नाही, ते मला समजत नाही. बायका विचारतात, ताई, मंत्र्यांनी काय लिहिलंय? मी काय सांगू त्यांना? एवढ्या सह्या घेतल्या, त्याचं झालं काय?

---

जुना कार्यासनवाला

ताई, मी ३१ वर्षं शासनात काढली. निम्मी जिल्ह्याला, उरलेली मंत्रालयात. अशी उत्तरं मी लिहिलेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे याला ‘एलएक्यू’ म्हणत, म्हणजे विधानसभेतला प्रश्न. अधिवेशन जवळ आलं की वरून प्रश्न येतो, विभागाच्या कार्यासनाकडून (म्हणजे मंत्रालयात तो विषय पाहणाऱ्या टेबलाकडून) जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला, तिथून शाखा अभियंत्याकडे किंवा ग्रामसेवकाकडे. म्हणजे ज्याच्या कामाबद्दल तक्रार असते, बहुतेक वेळा त्याच्याच टेबलावर पहिला मसुदा तयार होतो. तोच कागद भाषा गुळगुळीत होत होत परत वर चढतो आणि मंत्र्यांच्या मान्यतेने छापला जातो. मंत्र्यांसाठी वेगळी टिपणीही लागते, सभागृहात पूरक प्रश्न आलेच तर काय बोलायचं याची. प्रश्न पुकारला जाणार नाही असं दिसलं की ती टिपणी कुणी मन लावून करत नाही. उत्तरही मग तसंच जातं.

आता ‘हे खरे आहे काय’ याबद्दल. आपल्या विधानमंडळातल्या बहुतेक प्रश्नांचा पहिला भाग या चार शब्दांनी संपतो, आणि सुटायची वाटही त्यातच असते. विधानातला एक आकडा चुकला, एक तारीख मागेपुढे झाली, की ‘हे खरे नाही’ असं लिहिता येतं. मग पुढचे सगळे ‘असल्यास’ गळून पडतात आणि खाली ‘प्रश्न उद्भवत नाही’ येतं. खोटं लिहिलं असं कुणाला म्हणता येत नाही.

माझ्या हातून हे झालेलं आहे. एका आश्रमशाळेबद्दल प्रश्न आला होता : ३२० मुलांना थंडी सुरू झाली तरी पांघरुणं मिळालेली नाहीत, हे खरे आहे काय? पटावर मुलं ३०६ होती. पांघरुणं एकालाही मिळाली नव्हती. वरिष्ठ म्हणाले, आकडा जुळत नाही ना, मग ‘खरे नाही’ लिहा. मी लिहिलं. पांघरुणं पोचली तेव्हा फेब्रुवारी सरत आला होता. नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी विसरलो, तो कागद नाही विसरलो. निवृत्त झाल्यापासून कुणी प्रश्न दाखवायला आणला तर मी नाही म्हणत नाही, त्याचं कारण तेच.

तुमचा प्रश्न पाहा. इथे तुम्ही १८४ घरं लिहिलीत, प्रश्नात १९० कुटुंबं आहेत. ‘निकृष्ट दर्जा’ हे तुमचं मत झालं, ते कुणीही नाकारू शकतं. एवढी फट असूनही ‘खरे नाही’ न लिहिता ‘अंशतः खरे’ लिहावं लागलं. म्हणजे पाणी येत नाही हे त्यांना पुसता आलेलं नाही. बायकांना हे नक्की सांगा : पाणी येत नाही, यातला काही भाग तरी मंत्र्यांनी विधानसभेच्या कागदावर मान्य केलाय. तो कागद आता कुणाला सहज परत घेता येणार नाही. सभागृहात जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर हक्कभंगाचा, म्हणजे सभागृहाच्या अधिकाराला धक्का दिल्याचा, विषय होतो, म्हणून तिथला शब्द कार्यालयातल्या तोंडी आश्वासनासारखा नसतो.

पुढचा प्रश्न मात्र मत न मांडता विचारा. फक्त जे कागदावर असायलाच हवं ते मागा. कार्यादेश (काम सुरू करायचा लेखी आदेश) कोणत्या तारखेचा, काम पूर्ण करायची मुदत कोणती, मुदतवाढ किती वेळा आणि कोणत्या कारणाने दिली, कंत्राटदाराला आजवर किती रक्कम अदा झाली, दंड आकारला का, किती. आणि सगळ्यात महत्त्वाचं : जलजीवनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष किती दिवस आणि किती लिटर पाणी दिलं, असं विचारा. याला ‘उद्भवत नाही’ लिहिता येत नाही. शून्य तरी लिहावं लागेल, नाहीतर आकडा लिहावा लागेल. आकडा खोटा असेल तर तुमच्या १३२ बायका तो खोडायला आहेतच.

‘अंशतः खरे’ आहे तर कोणता अंश खरा आणि कोणता नाही, हेही स्वतंत्र विचारायला लावा.

---

दिल्लीत दोन वर्षं

वरच्या काकांचं शब्दन् शब्द पटलं. मी एका खासदारांकडे संशोधन सहायक म्हणून काम केलं, तिथली बाजू सांगते.

लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात. तारांकितला मंत्री उभं राहून उत्तर देतात, त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. नोटिसा त्याहून खूप जास्त येतात, म्हणून चिठ्ठ्या निघतात. प्रश्नोत्तराच्या तासाभरात वीसही प्रश्न होत नाहीत, मागच्यांची उत्तरं तशीच लेखी सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात. त्यामुळे ‘पाळी आली नाही’ याचं वाईट वाटून घेऊ नका. उलट लेखी उत्तर शांतपणे पुन्हा पुन्हा वाचता येतं.

नुसत्या लेखी उत्तराने काय होतं, याचं मला कायम आठवणारं उदाहरण १४ सप्टेंबर २०२० चं. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मृत्यू पावले, असा प्रश्न लोकसभेत होता. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला होता, फक्त लेखी उत्तरं चालू होती. श्रम मंत्रालयाने लिहून दिलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. रस्त्याने चालत गेलेली माणसं सगळ्या देशाने पाहिली होती, आपल्याकडे औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेले १६ जण मालगाडीखाली गेले होते. सरकारने मोजलंच नाही, हे सरकारच्याच तोंडून त्या एका ओळीत आलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तीच बातमी होती.

आणि जुनं उदाहरण मुंदडा प्रकरणाचं. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. त्यावर लोकसभेत आधी साधे प्रश्न आले. उत्तरं अर्धवट, सांभाळून दिलेली. ती उत्तरं आणि बाहेरचे कागद शेजारी ठेवून फिरोज गांधींनी डिसेंबरमध्ये सभागृहात विषय लावून धरला. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्याकडे गेली. उघड सुनावणी झाली, लोकांची एवढी गर्दी की बाहेर ध्वनिवर्धक लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला. हे सांगायचं कारण एवढंच की ‘आमदार सत्ताधारी पक्षाचे आहेत, ते कशाला बोलतील’ असं धरून चालू नका.

तुमच्या कामाची एक गोष्ट : उत्तरात ‘लवकरच पूर्ण करण्यात येतील’ आहे ना, त्याचा पाठपुरावा होऊ शकतो. लोकसभेत शासकीय आश्वासनांची समिती आहे, आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायची अपेक्षा असते. आपल्या विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. आमदारांना सांगा, हे वाक्य आश्वासन म्हणून तिथे न्या.

खासदारांकडूनही प्रश्न टाकता येईल, योजनेत केंद्राचा पैसा आहे. पण ‘पाणी हा राज्याचा विषय आहे’ असं उत्तर यायची तयारी ठेवा. तेव्हा गावापुरता न विचारता जिल्ह्यापुरता विचारा : ‘नळजोडणी झाली’ म्हणून नोंदवलेल्या किती घरांना आज पाणी येतं?

---

तालुका वार्ताहर

एक काळजीची गोष्ट सांगतो, कडू आहे. प्रश्न विचारणं हेही काही जणांच्या हातात विकायची वस्तू झालेलं आहे. २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांना संसदेने काढून टाकलं, त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते. तालुक्याला आम्ही हेही पाहतो की प्रश्न लागतो, कंत्राटदार चार ठिकाणी भेटून येतो आणि पुढच्या अधिवेशनात त्या विषयाचं नावही निघत नाही. तुमचे आमदार तसे आहेत असं माझं म्हणणं नाही. पण प्रश्न आणि उत्तर दोन्ही ग्रामसभेत मोठ्याने वाचा, इतिवृत्तात चिकटवा. गावाला माहीत असलेला प्रश्न सोडून देणं जड जातं. विधान परिषदेच्या एखाद्या सदस्याकडेही तोच विषय द्या. दोन्ही सभागृहांत दोन वेगळी उत्तरं आली तर मला कळवा, ती बातमी मी करतो.

---

झऱ्याकाठची

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी अंगणवाडीत बसून बायकांना वाचून दाखवलं. ‘पाणी येत नाही ते त्यांनी लिहून दिलंय’ म्हटल्यावर एक आजी म्हणाली, मग तो कागद मला दे, मी देव्हाऱ्यात ठेवते.

१९० आकडा आमचाच चुकला होता. निवेदनात आम्ही शाळा, समाजमंदिर वगैरे धरून लिहिलं होतं. आता घरोघर जाऊन पुन्हा मोजलं, १८४ कुटुंबं, ९०३ माणसं. नागपूरच्या अधिवेशनासाठी हा मसुदा केलाय, काका, बघाल का?

‘मौजे अमुक येथील योजनेचा कार्यादेश कोणत्या दिनांकास दिला; काम पूर्ण करण्याची मुदत काय होती व किती वेळा मुदतवाढ दिली; कंत्राटदारास आजपर्यंत किती रक्कम अदा केली; मागील सहा महिन्यांत येथील ९०३ ग्रामस्थांना प्रतिदिन प्रतिमाणशी किती लिटर पाणी पुरविले; पाणी न देणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करणार काय?’

---

जुना कार्यासनवाला

चांगला झालाय. दोन दुरुस्त्या करा. ‘९०३’ काढा आणि ‘सर्व ग्रामस्थांना’ लिहा. कालच एखादं बाळ जन्मलं असेल, तेवढ्यावरून पळवाट नको. शेवटचं कलम काढून त्याजागी लिहा : ‘मुदतीत काम पूर्ण न केल्याबद्दल कंत्राटदाराला नोटीस दिली असल्यास तिचा दिनांक काय?’ नोटीस दिलेलीच नसेल तर तसं लिहून द्यावं लागेल, कारवाईचं त्यानंतर विचारता येईल.

आणि सहा महिन्यांत पाणी किती वेळा आलं त्याची नोंद आजपासून अंगणवाडीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर करायला लागा. ज्या दिवशी नाही आलं त्या दिवशीही फुली मारा.